तेरीज जुळली, पण हिशेब बरोबर आहे का?

महाविद्यालयीन मुले, प्राध्यापक आणि आई-वडील यांच्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी चार शब्द

आम्ही बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. हिशेबाच्या सरांनी फळ्यावर एक तेरीजपत्रक मांडले. नावे बाजूची बेरीज आणि जमा बाजूची बेरीज पैसा न पैसा जुळत होती. सरांनी विचारले, "काय, हिशेब बरोबर आहे का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हो सर!" सर हसले आणि म्हणाले, "बेरीज जुळली, एवढेच सिद्ध झाले. एखादा व्यवहार किर्दीत लिहायचाच राहून गेला असेल, तरी तेरीज जुळते. दुरुस्तीचा खर्च इमारत खात्याला लावला, तरी जुळते. दोन चुकांनी एकमेकींना झाकले, तरी जुळते. पावती पाहिल्याशिवाय हिशेबावर सही करायची नसते."

पुढे लिपिकाच्या नोकरीत सरांचे हे वाक्य आम्हांला रोज उपयोगी पडले. गेल्या वर्षी मात्र ते एका अगदी वेगळ्या कामी आले.

अहमदपूरला आम्ही काही कार्यकर्ते मिळून संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. एक खोली, दोन सतरंज्या, पुस्तकांचे एक कपाट आणि दिवे गेले तर मेणबत्त्या, एवढाच तिचा पसारा. किनगाव, हाडोळती, शिरूर ताजबंद अशा गावांहून एस.टी.ने येऊन शिकणारी, काही खोली करून राहणारी मुले-मुली तेथे बसतात. कुणाचे वडील ऊसतोडीला जातात, कुणाचे गवंड्याच्या हाताखाली काम करतात. बहुतेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले हेच पहिले माणूस.

एके दिवशी तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा आपला प्रकल्प दाखवायला घेऊन आला. विषय होता, 'अहमदपूर तालुक्यातील महिला बचत गटांची आर्थिक स्थिती'. तीस पाने, सुबक टंकलेखन, शुद्ध मराठी. प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष, सगळे जागच्या जागी. आम्हांला फार आनंद झाला. मग सवयीने आम्ही पावत्या मागितल्या.

"ही अडुसष्ट टक्क्यांची आकडेवारी कुठून घेतलीस?"

"मोबाईलमधून, काका."

"आणि हे पुस्तक? ग्रंथालयात आहे का?"

"नाही पाहिलं. एआयनं दिलं."

आम्ही दोघांनी बसून संदर्भसूचीतली अकरा पुस्तके एकेक करून तपासली. लेखकांची नावे ओळखीची, प्रकाशकही खरे. पण पाच पुस्तके अशी निघाली की ती त्या लेखकांनी कधी लिहिलीच नव्हती. अडुसष्ट टक्क्यांना कुठलाच आधार सापडला नाही. तेरीज जुळली होती, पावती नव्हती.

आम्ही त्याला शेवटी विचारले, "तू एखाद्या बचत गटाला भेट दिलीस का?" तो खाली मान घालून म्हणाला, "माझी आईच गटाची सचिव आहे."

यंत्र करते तरी काय?

वाचकहो, या मुलावर रागावून उपयोग नाही. त्याने जे केले ते आज देशभरातील, किंबहुना जगभरातील लाखो विद्यार्थी करत आहेत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी लोकांसाठी खुले केले. त्यानंतर गुगल, मेटा आणि इतर कंपन्यांची तशीच यंत्रे आली आणि ती थेट प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये जाऊन बसली. प्रश्न टाईप करायचा किंवा बोलायचा, उत्तर तयार! आमच्या वेळी परीक्षेच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात नोट्ससाठी रांग लागायची. ती रांग आता हातातल्या पडद्यावर आली आहे.

पण हे यंत्र नोट्सप्रमाणे कुणी लिहून ठेवलेले उत्तर काढून देत नाही. अफाट मजकूर त्याला आधी वाचायला दिलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दामागे बहुधा कोणता शब्द येतो, याचा तर्क बांधायला ते शिकलेले असते. आपण विचारले की शब्दांच्या तुकड्याला तुकडा जोडत ते वाक्य तयार करते. खरे काय आणि खोटे काय याचा दाखला पाहून ते बोलत नाही, बोलण्यासारखे काय दिसेल ते बोलते. म्हणून खरे पुस्तक सांगताना आणि नसलेले पुस्तक सांगताना त्याचा आवाज सारखाच ठाम असतो. काही यंत्रे आता इंटरनेटवर शोधून उत्तर देतात, दुवेही देतात. तरीही दुव्यामागे तेच लिहिले आहे की नाही, हे आपल्यालाच उघडून पाहावे लागते.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. या यंत्रांनी वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा फार थोडा. अहमदपूर तालुक्याबद्दलचा मजकूर तर त्याहूनही थोडा. जेथे वाचलेले कमी, तेथे तर्क जास्त. म्हणजे आपल्या गावाबद्दल, आपल्या माणसांबद्दल विचाराल तेथे यंत्र चुकण्याचा संभव सर्वांत अधिक.

फसणारे फक्त विद्यार्थीच आहेत असेही नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमधील एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी न्यायालयापुढे जे निवाडे दाखल केले, त्यांतले कित्येक अस्तित्वातच नव्हते. चॅटजीपीटीने ते रचले होते. न्यायाधीशांनी त्या वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला. इतकी वर्षे वकिली केलेली माणसे जर पावती न पाहता सही करतात, तर वीस वर्षांच्या पोराचे काय घेऊन बसलात?

लिहिले तिने, संशय यंत्राचा

आता नाण्याची दुसरी बाजू ऐका. आमच्या अभ्यासिकेत एम.ए. करणारी एक मुलगी येते. गरीब घरची, पण जिद्दीची. व्याकरणाचे पुस्तक पाठ करून ती इंग्रजी लिहायला शिकली. तिची वाक्ये सरळ, लहान आणि एकाच घडणीची असतात. तिने इंग्रजीत एक निबंध लिहून दिला. महाविद्यालयातील सरांनी तो एका तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला आणि सॉफ्टवेअरने सांगितले की, हा मजकूर बव्हंशी यंत्राने लिहिलेला आहे. सरांनी निबंध परत केला. मुलगी त्या रात्री अभ्यासिकेत येऊन नुसती रडत होती. "काका, मी तीन आठवडे लिहिलं. आता कुणाला सांगू?"

या मुलीवर आलेला प्रसंग अपवादाचा नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात सॉफ्टवेअरे तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या सॉफ्टवेअरांना दिले. सरासरीने त्यांतील ६१ टक्के निबंध 'यंत्राने लिहिलेले' ठरले! साधे शब्द आणि सरळ वाक्ये दिसली की सॉफ्टवेअरला तेथे यंत्राचा संशय येतो. म्हणजे मोजून-मापून इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्या मुलांवरच हा आळ आधी येणार. खुद्द ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असे ओळखयंत्र काढले होते आणि ते पुरेसे अचूक नाही म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतले. ज्यांनी यंत्र बनवले, त्यांनाच यंत्राचे लिखाण नक्की ओळखता आले नाही.

आमच्या मुलीचे पुढे काय झाले? तिच्याजवळ तिच्या कच्च्या वह्या होत्या. खाडाखोड केलेल्या, समासात मराठीत टिपणे असलेल्या तीन वह्या. आम्ही तिला म्हणालो, "ही तुझी किर्द. घेऊन जा आणि सरांना सांग, मला तोंडी विचारा." सरांनीही मोठेपणा दाखवला. त्यांनी वह्या चाळल्या, पंधरा मिनिटे प्रश्न विचारले आणि निबंध स्वीकारला. सगळ्या मुलांजवळ अशा वह्या असत्या तर किती बरे झाले असते!

नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम केले. त्यात दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा, ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. पण दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. हे विनियम पदव्युत्तर आणि संशोधन पदवीच्या प्रबंधांसाठी आणि प्रकाशित होणाऱ्या लेखनासाठी आहेत. स्वाध्याय, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका त्यांतून वगळलेल्या आहेत. दुसरे असे की, हे मोजमाप आधी कुठे तरी छापलेल्या मजकुराशी असलेल्या साम्याचे आहे. यंत्र प्रत्येक वेळी नवे वाक्य बनवते, त्यामुळे साम्य शून्य टक्के निघूनही लिखाण विद्यार्थ्याचे नसू शकते.

नियम स्पष्ट नसला की भांडण कुठवर जाते, याचे उदाहरण हरियाणातील एका खाजगी विद्यापीठात घडले. तेथील विधि शाखेच्या एका विद्यार्थ्याला २०२४ मध्ये उत्तर एआयने लिहिले म्हणून नापास करण्यात आले. 'उत्तर माझेच आहे, आणि एआय वापरू नये असे नियमात लिहिले आहे कुठे?' असे म्हणत तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले आणि याचिका निकाली निघाली. आपल्या मुलांना न्यायालयात जाणे परवडणारे नाही. म्हणून नियम आधी आणि साध्या मराठीत सांगितले गेले पाहिजेत.

युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आणि संशोधनातील अशा यंत्रांविषयी मार्गदर्शिका काढली. त्यात विद्यार्थ्यांच्या खाजगी माहितीचे रक्षण, वर्गात वापरण्यासाठी किमान तेरा वर्षांची वयोमर्यादा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांवर भर आहे. यंत्र माणसासाठी आहे, माणूस यंत्रासाठी नव्हे, असा त्या मार्गदर्शिकेचा एकूण रोख आहे.

आपल्याकडे राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. त्यात क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, सामाजिक उपक्रम यांना श्रेयांक आहेत. म्हणजे लेखी परीक्षेबरोबर घरी बसून लिहायच्या कामाचे वजनही वाढले. गावात जाऊन माणसांना भेटावे हा या प्रकल्पांचा उद्देश. तेच जर मोबाईलने घरबसल्या लिहिले, तर श्रेयांक मिळतील, अनुभव मिळणार नाही. उद्या मुलाखतीत कुणी विचारले की, "तुम्ही बचत गटाचा अभ्यास केलात ना, गटातले कर्ज काय दराने देतात?" तर तेथे मोबाईल काढता येत नाही.

आडनाव कोणी बदलले?

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने एक वृत्तांत दिला. एका दलित समाजशास्त्रज्ञाने बंगळुरूच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज लिहिला आणि इंग्रजी सुधारण्यासाठी तो चॅटजीपीटीला दिला. यंत्राने भाषा तर सुधारलीच, पण अर्जातले त्याचे आडनावही बदलून तेथे 'शर्मा' असे घातले! त्याने तसे सांगितले नव्हते. यंत्राने जे वाचले होते त्यात विद्वान माणसाला बहुधा कोणते आडनाव असते, त्याचा हा तर्क. नियतकालिकाने पुढे तपासणी केली तेव्हा जातीविषयीचे जुने, कलुषित ठोकताळे यंत्राच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा आढळले.

यंत्राला जात नसते हे खरे. पण ज्या समाजाने लिहिलेला मजकूर ते वाचते, त्या समाजाला जात आहे. आपल्याकडे आडनाव ऐकून समोरच्याचा सूर बदलतो, हे कुणाला वेगळे सांगायला नको. म्हणून यंत्राने सुधारून दिलेला अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आपल्या नावासकट, स्वतः वाचल्याशिवाय पाठवू नका.

हीच काळजी महापुरुषांच्या वचनांबाबतही घ्यावी. जयंतीच्या भाषणासाठी मुले यंत्राला म्हणतात, "बाबासाहेबांची शिक्षणावरची दहा वचने दे." यंत्र दहा मागितली तर दहा देते, वीस मागितली तर वीस. त्यांतली खरी किती? महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढले. वचनाची पावती त्या खंडांत आहे. तेथे सापडले नाही तर ते वचन व्यासपीठावरून बोलू नये. नाही तर आपल्याच हातांनी आपण बाबासाहेबांच्या तोंडी परक्याचे शब्द घालू.

बाबासाहेबांच्या अभ्यासाचा एक प्रसंग वाणिज्य शाखेचे म्हणून आम्हांला विशेष आवडतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी प्रबंध लिहिला. परीक्षकांना त्यातील कठोर मांडणी रुचली नाही आणि त्यांना तो पुन्हा लिहून द्यावा लागला. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी तो प्रबंध ग्रंथरूपाने निघाला. त्या ग्रंथाला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेत आपले मतभेदही मोकळेपणाने नोंदवले. विद्यार्थ्याचे मत पटत नाही, तरी ते त्याचे स्वतःचे आणि अभ्यासातून आलेले आहे म्हणून गुरू त्याचा मान राखतो. याला विद्यापीठ म्हणतात. यंत्र मात्र बहुधा आपल्याला हो ला हो करते. तुम्ही चुकीचे ठासून सांगितले तर पुष्कळदा माफी मागून तेच बरोबर म्हणते. अशा होयबाकडून गुरूचे काम कसे होणार?

मग वापरायचे कसे?

हे वाचून कुणी म्हणेल, तर मग बंदीच करा. आम्ही त्या मताचे नाही. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलणारे कुणी नाही, ज्यांना शिकवणी परवडत नाही, त्यांच्या हाती पहिल्यांदाच न कंटाळता दहा वेळा समजावून सांगणारे काही तरी आले आहे. शहरातील श्रीमंतांची मुले ते वापरणारच. आपल्या मुलांनी तेवढे हात जोडून बसावे काय? केंद्र सरकारने भारतीय भाषांसाठी २०२२ मध्ये 'भाषिणी' सुरू केले. आय.आय.टी. मुंबईत अभियांत्रिकीची पुस्तके यंत्राच्या मदतीने भारतीय भाषांत आणण्याचे काम झाले. या गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. फक्त वापरण्याची रीत पाहिजे. अभ्यासिकेत आम्ही मुलांना पाच गोष्टी सांगतो.

एक : आधी स्वतः वाचा, मग विचारा. पुस्तकातील प्रकरण वाचून जे कळले नाही तेवढेच यंत्राला विचारा. घसारा का आकारतात हे समजले नाही, तर "सोयाबीनच्या मळणी यंत्राचे उदाहरण देऊन मराठीत समजाव" असे सांगा. नंतर "आता मला यावर पाच प्रश्न विचार" असे म्हणा आणि उत्तरे वहीत स्वतः लिहा. उत्तर मागण्यापेक्षा प्रश्न मागणाऱ्याचा अभ्यास जास्त होतो.

दोन : प्रत्येक पुस्तकाची, आकड्याची आणि तारखेची पावती पाहा. महाविद्यालयाचे ग्रंथालय आहेच. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मराठी विश्वकोशही आज इंटरनेटवर विनामूल्य आहे. तालुक्याचे आकडे पंचायत समितीत, जनगणनेच्या पुस्तिकेत मिळतात. जे पुस्तक तुम्ही उघडले नाही, ते संदर्भसूचीत घालू नका.

तीन : कच्ची वही ठेवा. तारीख टाकून टिपणे लिहा, खाडाखोड तशीच राहू द्या. कधी आळ आला तर हीच वही तुमची साक्षीदार.

चार : सांगून वापरा. प्रकल्पाच्या शेवटी चार ओळी लिहा की, कोणते यंत्र, कोणत्या कामासाठी वापरले. उदाहरणार्थ, "इंग्रजी सारांशाची भाषा सुधारण्यासाठी वापर केला. आकडेवारी आणि निष्कर्ष माझे आहेत." उघडपणे घेतलेली मदत ही मदत असते, लपवलेली मदत ही चोरी ठरते.

पाच : खाजगी कागद यंत्राला देऊ नका. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना अडले म्हणून काही मुले आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक यांचे फोटो टाकतात. महाडीबीटीचा पासवर्डसुद्धा लिहितात! असे कदापि करू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण हातून गेलेला कागद कायदा परत आणून देत नाही. क्षेत्रभेटीत एखाद्या बाईने विश्वासाने आपल्या घरातले दुःख सांगितले असेल, तर तिचे नाव-गावही यंत्रात टाकू नये. तो तिचा विश्वासघात होईल.

प्राध्यापकांना विनंती

आमचे प्राध्यापक मोठ्या वर्गांत, अपुऱ्या वेळात शिकवतात, याची आम्हांला जाणीव आहे. तरीही नम्रपणे सांगावेसे वाटते की, केवळ सॉफ्टवेअरच्या टक्क्यांवरून कुणाला दोषी ठरवू नका. दहा मिनिटे तोंडी विचारा, खरे-खोटे लगेच कळते. प्रकल्पाचा विषय असा द्या की, मुलाला उठून जावे लागेल : आठवडी बाजारातील भाजीवालीचा दिवसाचा हिशेब, गावच्या नळयोजनेचे पाणी किती गल्ल्यांत पोचते, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातील मुलांची शाळेतील हजेरी. याची उत्तरे कोणत्याही यंत्राजवळ तयार नाहीत. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात काय चालेल आणि काय चालणार नाही हे मराठीत लिहून फलकावर लावा. आणि आपण स्वतः नोट्स काढायला किंवा प्रश्नपत्रिका तयार करायला यंत्र वापरत असाल, तर तेही विद्यार्थ्यांना सांगा. नियम दोन्ही बाजूंना सारखा असला की त्याचा मान राहतो. ज्यांच्याजवळ चांगला मोबाईल नाही, त्यांच्यासाठी संगणक कक्षात आठवड्याचा एखादा तास ठेवता आला तर फारच उत्तम.

मराठवाड्यात विद्यापीठ ही साधी गोष्ट नाही. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने ठराव केल्यापासून १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागेपर्यंत आपल्या माणसांनी काय सोसले, हे नांदेड-लातूरच्या जुन्या घरांना ठाऊक आहे. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील मुले त्याची पदवी घेतात. त्या पदवीमागे स्वतःचे डोके आणि स्वतःचे कष्ट नसतील, तर तिचा कागद फक्त चौकटीत लावायच्या कामाचा.

आई-वडिलांनो, लेखापरीक्षक व्हा

"आम्हाला काय कळतंय त्यातलं?" असे पुष्कळ आई-वडील म्हणतात. फार कळायची गरज नाही. रात्री जेवताना मुलाला एवढेच म्हणा, "आज काय लिहिलंस ते मला तोंडी सांग." ज्याने स्वतः अभ्यास केला आहे, तो आपल्या अडाणी आईलाही समजेल असे सांगू शकतो. ज्याने यंत्राकडून उतरवून घेतले आहे, तो दोन वाक्यांत अडकतो. यासाठी आईला बी.कॉम. व्हावे लागत नाही.

त्या बचत गटाच्या प्रकल्पाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मुलाने तीस पाने बाजूला ठेवली. आईच्या पेटीतून गटाचे रजिस्टर काढले आणि चार रविवार गटाच्या बैठकीला जाऊन बसला. यंत्राने लिहिले होते की, बचत गटांमुळे महिलांची सावकारीतून सुटका झाली. रजिस्टरात दिसले ते असे : गटातले कर्ज महिना शंभराला दोन रुपये व्याजाने, फेड चांगली. पण लग्न आणि दवाखाना यांसाठी गटाची रक्कम पुरत नाही, म्हणून काही बायांनी दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढले होते आणि त्याचा आठवड्याचा हप्ता भरायला पुन्हा गटातून उचल घेतली होती. एक कर्ज दुसऱ्याला झाकत होते. तेरीज येथेही जुळत होती!

ही बारा पाने झाली. भाषा तीस पानांइतकी गुळगुळीत नव्हती. इंग्रजी सारांश त्याने यंत्राकडून सुधारून घेतला आणि शेवटी तसे लिहिले. सादर करण्याआधी त्याने ती बारा पाने गटाच्या बैठकीत वाचून दाखवली. मध्येच त्याच्या आईने त्याला थांबवले. "आरं लेकरा, गटात सोळा बाया हायेत. तू पंधरा लिहिल्यास. आपल्या काशीबाईला इसरलास व्हय?" काशीबाई म्हणजे घरातली आजी. तिला सगळा गट याच नावाने हाक मारतो. पोराने तेथेच पेन काढले आणि पंधराचे सोळा केले.